दातेरी चाकाचे टाके

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली.

"आता सकाळच्या प्रहरी कोण तडफडलं," असं पुटपुटत सूनबाई दाराकडे वळली, आणि दुधाने तेवढ्यात संधी साधून सगळी शेगडी न्हाऊ घातली. टेबलाशी तिचे सासरे, टाकेमास्तर, दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना ही सवय लागली होती. कोणी विचारलंच तर "ऊब घेतोय" म्हणायचे. उन्हाळा आला तरी मास्तरांचं ऊब घेणं काही संपलं नव्हतं.

आतल्या खोलीत नात भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण तिचे पाय कधी जमिनीला टेकतच नसत. पण काल संध्याकाळी शाळेच्या सहलीहून आली ती भिंगरीसारखी नव्हे, भिजलेल्या पोत्यासारखी. जेवली नाही, बोलली नाही. "पोटात दुखतंय" एवढंच. तिच्या आईने ओवा दिला तोही तिने निमूट गिळला, यावरूनच काहीतरी मोठं बिनसलं आहे हे कळायला हवं होतं.

दारात भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. सहल नेली ती यांनीच. पायाशी एक फुगलेलं पोतं.

"या ना बाई, बसा. चहा टाकते."

"चहा नको, शाळेची वेळ होतेय. मास्तर आहेत ना? त्यांच्याशी बोलायचंय." बाईंनी पोतं उंबरठ्याच्या आत ओढलं. "आणि आधीच सांगते मास्तर, मलाच फार लाज वाटतेय हे घेऊन यायला."

त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं. आत बूट होते. डोंगरी बूट, सगळ्या वर्गाचे. प्रत्येकाचा तळ पुढून सुटलेला, मगरीने जबडा उघडावा तसा.

मास्तरांनी कप खाली ठेवला.

त्यांना टाकेमास्तर हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. शाळेच्या फाटकासमोर जिन्याखालच्या खोलीत त्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान. उभं राहिलं की डोकं पायरीला लागे, म्हणून "माझं सगळं आयुष्य बसून गेलं, तरी आळशी म्हणवून घेतलं नाही" हा त्यांचा आवडता विनोद. तरुणपणी ते बुटांच्या कारखान्यात होते. तिथे यंत्रं आली आणि हाताने तळ शिवणाऱ्यांची पंगत उठली, तेव्हा आपली आरी आणि चामडं कापायची रापी घेऊन ते जिन्याखाली येऊन बसले. त्यांचा टाका असा: एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन दाभणं. आरीने भोक पाडायचं, एक दाभण अलीकडून घालायचं, दुसरं त्याच भोकातून पलीकडून, आणि मग दोन्ही हातांनी एकदम असा हिसडा द्यायचा की दोरा चामड्यात रुतून बसला पाहिजे. चौकातल्या कोपऱ्यावर दुसरा एक दुकानदार तळ नुसते चिकटवून द्यायचा. मास्तर त्याला चिकट्या म्हणत.

"चिकटवणं म्हणजे नुसती तोंडओळख," ते गिऱ्हाइकाला ऐकवत. "टाका म्हणजे लग्न. भांडण झालं तरी सुटता कामा नये."

त्यांची बायको होती तेव्हा ती शेजारी बसून दोऱ्याला मेण लावायची. ती मान वर न करता म्हणायची, "हो, आणि रोज दोन्हीकडून ओढाताण."

शाळेचा दंडक होता की सहलीला सगळ्यांनी शाळेच्या कपाटातलेच बूट घालायचे. याचे नवे, त्याचे जुने असलं काही नको. वरच्या वर्गाने काढायचे, खालच्या वर्गाने घालायचे. सहल ठरलेली: आधी धुमसणाऱ्या ज्वालामुखीचा प्रदेश, मग खिंडीपलीकडे हिमनदी. त्याआधी सगळे बूट मास्तरांकडे येत, आणि मास्तर ते शिवत. भूगोलाच्या बाईच बघा ना. त्या याच शाळेत शिकल्या होत्या आणि मास्तरांचेच बूट घालून बर्फावर गेल्या होत्या.

तेच त्या आता बोलत होत्या. "मी स्वतः तुमच्या टाक्यांवर उभी राहिलेय मास्तर. तुमच्या हातचं काम असं सुटणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी पोरांना दरडावून विचारलं, खरं काय ते सांगा. तेव्हा ही उभी राहिली."

"कोण?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची नात. ज्वालामुखीपाशी आम्ही दुपारी जेवायला थांबलो. पोरं बूट काढून कोमट ओढ्यात पाय सोडून बसली होती. म्हणाली, तेवढ्यात मीच सगळ्यांचे बूट वरच्या गरम झऱ्यात बुडवून काढले, गंमत म्हणून. त्या पाण्यात आम्ल असतं, त्याने दोरा खाल्ला. आम्ल असतं हे वर्गात मीच शिकवलं होतं, आता काय बोलणार!" बाई क्षणभर थांबल्या. "तिथून निघताना एकेकाचा तळ उघडायला लागला. दुसऱ्या दिवशी हिमनदीवर कोणालाच पाय ठेवू दिला नाही मी. कसा देणार? तळ सुतळीने बांधलेले. बर्फाने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगावर उभं राहून सगळ्यांनी लांबून बर्फ बघितलं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते हाताच्या अंतरावर, आणि हात लावायचा नाही. पोरं रडली हो. आणि हिला मी बसमध्ये बसवून ठेवलं."

आतल्या दाराचा पडदा हलला. भिंगरी उठून आली होती. ती बाईंकडे बघत नव्हती, आईकडेही नाही. ती थेट आजोबांकडे बघत होती, डोळे वटारून, मोठ्या माणसाने लहान मुलाला 'गप्प बस' म्हणून दटावावं तशी.

मास्तरांनी पोत्यातून एक बूट काढला. तळाच्या कडेने सुबक, सारख्या अंतरावर टाके दिसत होते. त्यांनी जबडा आणखी उघडला. आत दोरा नव्हता. दोऱ्याचं भोकसुद्धा नव्हतं. होते फक्त वितळून पुन्हा घट्ट झालेल्या, बूट चिकटवायच्या सोल्यूशनचे पिवळे चिकट तंतू.

आता मास्तर बोलतील असं कोणालाही वाटलं असतं. त्यांनाही वाटलं. जीभ टाळूला लागली ती लागलीच.

"एक समाधान आहे," जाता जाता बाई म्हणाल्या. "मुलगी खरं तरी बोलली. पण शिक्षा द्यावी लागेल. आज दुपारी सभागृहात सहलीची मुलं खालच्या वर्गाला सगळं दाखवणार आहेत. हिला मंचावर घेणार नाही, मागे बसायचं. वर्गानेच तसं सांगितलंय. कोणी बोलत नाहीये तिच्याशी. बूट इथेच ठेवते, बघा काही होतंय का."

दार लागलं. मास्तर जागचे उठले नाहीत. हातात बूट, आणि बुटाचा जबडा असा उघडा की जणू तोच त्यांना हसतोय.

सूनबाई लेकीवर तुटून पडली. "अक्कल कुठे गहाण टाकली होतीस गं? आजोबांनी महिनाभर मान मोडून काम केलं, आणि तू गंमत म्हणून..."

"ओरडू नकोस तिला," मास्तर म्हणाले.

"ओरडू नको तर काय आरती—" ती म्हणता म्हणता थांबली. सासऱ्यांचा चेहरा तिने पाहिला. असा चेहरा तिने सासूबाई गेल्या त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"ती झऱ्यात काही बुडवून आलेली नाही. शिवलेलेच नव्हते. चिकटवले होते मी."

सूनबाईने त्यांच्या हातातला बूट घेतला, कडेवरून बोट फिरवलं. "मग हे टाके?"

"चाकाचे."

ते चाक कारखान्यातलं. पितळी, बोटाच्या पेराएवढं, कडेला दाते, लाकडी मूठ. गरम करून चामड्याच्या कडेने फिरवलं की हुबेहूब टाक्यांची रांग उमटते. स्वस्तातल्या चिकटवलेल्या बुटांना शिवल्याचा देखावा द्यायला कारखान्यात ते वापरत. मास्तर त्याला 'बिनलग्नाचं कुंकू' म्हणत आणि थट्टा म्हणूनच त्यांनी ते जपून ठेवलं होतं, खणाच्या तळाशी. तिथून ते या वर्षी बाहेर आलं.

हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगठ्यातला जोर गेला. आधी वाटलं गारठ्याने असेल. मग एक दिवस टाका ओढताना दोरा बोटांतून निसटला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. शाळेचे बूट तर येऊन पडले होते. "या वर्षी जमणार नाही" हे एक वाक्य बोलायचं होतं. ते फाटकापर्यंत जाऊन परत आले. म्हणजे काय सांगायचं? टाकेमास्तरांना टाका घालता येत नाही? मग मागे राहिलं काय, नुसता मास्तर? तोही कोणाचा, कसला?

त्यांनी सोल्यूशनचा डबा आणला. कोपऱ्यावरून नव्हे, पार गावाच्या दुसऱ्या टोकाहून. थंडीत न तडकणारं मागून घेतलं, कारण डोक्यात बर्फ होतं. भिंगरी शाळा सुटली की दुकानात येऊन सहलीचं सांगत बसे. हिमनदी म्हणजे सरकणारं बर्फ, त्यात दगड अडकलेले असतात, ते डोंगराला घासत जातात, "अगदी तुमच्या कानशीसारखं, आजोबा." हे त्यांना आवडलं होतं. तिने दुसरंही सांगितलं होतं. पहिला दिवस ज्वालामुखीचा, तिथे जमिनीतून वाफा येतात, दगड एवढे तापतात की बसवत नाही. ते मात्र मास्तरांच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं; टाक्याला गरम काय नि गार काय, म्हणून इतक्या वर्षांत त्याचा विचारच कधी करावा लागला नव्हता. ती बोलत होती तेव्हा ते पायाने डबा स्टुलाखाली सरकवत होते आणि तिने बघितलं तर नाही ना, याच घोरात होते. तोंडाने "हं, हं" चालूच होतं.

थंडीचं सोल्यूशन तापल्या जमिनीवर गेलं. बाकीचं पोत्यात होतं.

"मला हाताचं माहीत होतं," सूनबाई हळूच म्हणाली. "बरण्यांची झाकणं मी सैल करून ठेवायची ती उगाच का? वाटलं, तुम्ही आपणहून बोलाल. मीच विचारायला हवं होतं." मग तिचा मूळ स्वभाव उसळला. "पण धन्य आहे हो बाबा! माझ्यापासून लपवलंत, ठीक. पोरीच्या पायात घातलंत की ते!"

मास्तरांनी बूट तिच्याकडून घेऊन पोत्यात टाकला. ते भिंगरीकडे वळले. ती अजून पडद्याशीच होती, पडद्याची कड बोटाला गुंडाळत.

"का बोललीस खोटं?"

"मग काय सांगायला हवं होतं?" तिचा आवाज चिरकला. "माझे आजोबा फसवतात, असं?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"बसमध्ये मीच सगळ्यांना दाखवत होते. बोट फिरवा, बघा, एकेक टाका हाताचा आहे. कोपऱ्यावरच्यासारखं चिकटवलेलं नाही. मीच म्हटलं, फाडून दाखवा." ती आता हुंदके देत होती. "सगळ्यात आधी माझाच उघडला. मी आत बघितलं. मग दुसरं कोणी बघायच्या आत काहीतरी बोलायला पाहिजे होतं ना!"

पोरीने भूगोलाचा धडा वापरला होता, आणि तो आजोबांची लाज झाकायला. बसच्या काचेतून तिला बर्फ दिसलं का, हे विचारायचं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण विचारायचा हक्क त्यांना उरला आहे असं वाटेना. त्यांनी पोतं उचलायला हात घातला. उजव्या हाताने ते उचललं गेलं नाही. डाव्याने उचललं.

"कुठे निघालात?" सूनबाई म्हणाली.

"दुकानात. आणि मग शाळेत. पोरीला तयार कर."

"मी नाही येणार," भिंगरी म्हणाली. "तुम्ही काही सांगू नका, आजोबा. झालं ते झालं. चार दिवसांनी विसरतील."

"तुला विसरतील गं," मास्तर म्हणाले. "मला विसरून चालणार नाही."

दुकान ते शाळेचं फाटक म्हणजे हाकेचं अंतर. त्या दिवशी मास्तरांना ते संपता संपेना. रस्त्यात कोणीतरी नेहमीसारखं "काय मास्तर, लग्नं लावायला निघालात वाटतं?" म्हणून हसलं. एरवी ते उभं राहून परतफेड करत. आज खाली बघत पुढे गेले. आपल्यालाच आपली पाठ दिसावी तसं त्यांना वाटत होतं: वाकलेली, पोतं घेतलेली, चोराची.

सभागृहात धांदल उडाली होती. मंचावर एका बाजूला लगद्याचा ज्वालामुखी होता, त्याच्या तोंडात कोणीतरी लाल कागद कोंबत होतं. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची हिमनदी, निळ्या रंगाने भेगा काढलेल्या. भिंगरी आईबरोबर आली आणि सांगितल्याप्रमाणे शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या शेजारची मुलगी उठून दुसरीकडे गेली. मास्तरांनी ते पाहिलं.

"बाई, मला मुलांशी बोलायचंय. खालचा वर्ग यायच्या आत."

"बोला की मास्तर. ए, शांत बसा रे! मास्तर आलेत."

ते मंचावर चढले नाहीत. खालीच, पायरीपाशी उभे राहिले. पोत्यातून हाताला आला तो बूट काढला.

"हे जे कडेने दिसतंय ना," ते म्हणाले, आणि बूट सगळ्यांना दिसेल असा धरला, "हे टाके नाहीत. नक्षी आहे. चाक फिरवून काढलेली. आत दोरा नाही. दोरा कधीच नव्हता. मी चिकटवलं आणि शिवलं म्हणून दिलं. जमीन तापली तशी चिकटवलेलं सुटलं. झऱ्यात कोणी काही बुडवलं नाही."

लाल कागदवाल्याचा हात ज्वालामुखीच्या तोंडातच राहिला.

"म्हणजे हिने काहीच केलं नव्हतं?" एक मुलगी म्हणाली.

"नाही."

"मग आम्ही हिला बसमध्ये जे जे बोललो ते?" तिच्या मागचा मुलगा म्हणाला आणि आपणच गोरामोरा झाला.

"ते माझं होतं. चुकून तिला दिलंत," मास्तर म्हणाले. "बर्फावर तुम्हाला जाता आलं नाही ते माझ्यामुळे. ते मला परत देता येत नाही. त्याला माझ्याकडे काही इलाज नाही."

पुढच्या बाकावरचा एक जण फटकळपणे म्हणाला, "पण तुम्ही तर म्हणायचात, चिकटवणं म्हणजे..."

"गप रे!" बाई म्हणाल्या.

"बोलू द्या त्याला," मास्तर म्हणाले. "म्हणायचो खरा."

भूगोलाच्या बाई खाली उतरून आल्या. त्यांनी बूट हातात घेतला, आत पाहिलं. "मी एकदा उघडून बघायला हवं होतं," त्या पुटपुटल्या. "तुमचे म्हणून बघितलंच नाही." मग त्या मागच्या बाकाकडे गेल्या. त्या भिंगरीशी काय बोलल्या ते कोणाला ऐकू गेलं नाही, पण येताना त्यांनी तिला हाताला धरून आणलं, आणि मघा उठून गेलेली मुलगी सरकून जागा करत होती.

"आता या बुटांचं काय करू, मास्तर?" बाईंनी हलक्या आवाजात विचारलं. "मोडीत काढू?"

"कोपऱ्यावर द्या. त्याने शिवणाचं यंत्र घेतलंय आता. चांगलं काम करतो." हे म्हणताना मास्तरांना अंगठ्यापेक्षा जास्त दुखलं. "त्याला फक्त सांगा, जमीन आधी गरम आहे, मग गार. सगळे द्या. एक जोड मी ठेवून घेतो."

तो जोड भिंगरीचा होता. तळ त्यांनी दुकानातच खरवडून साफ केला होता. मंचाच्या पायरीवर बसून त्यांनी बूट गुडघ्यांत धरला, दुकानातून आणलेली आरी आणि दोरा-दाभणं काढली, डाव्या हाताने दाबून पहिलं भोक पाडलं. एक दाभण अलीकडून घातलं. दुसरं पलीकडून. डाव्या हाताने ओढलं, दोरा सरकला. उजव्या हाताने ओढलं. अंगठा थरथरला, दोरा बोटांतून निसटला आणि लोंबत राहिला. वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलं. मास्तरांनी या वेळी हात मागे लपवला नाही.

भिंगरी समोर उभी होती. डोळे अजून सुजलेले, राग अजून गेलेला नव्हता. त्यांनी तिच्याकडे वर पाहिलं.

"माझ्या उजव्या हातात जोर राहिलेला नाही," ते म्हणाले. "दोऱ्याचं हे टोक तू ओढशील का?"